दुसऱ्या फुलाची इच्छा

शके अठराशे बहात्तर, मार्गशीर्ष महिना, हेमंत ऋतू. रानाच्या कडेच्या एका इवल्याशा घरातला खेळण्यांचा चरक चैत्रापासून मुका होता. या चरकाची दोरी एकाने ओढून लाकूड फिरवावयाचे आणि दुसऱ्याने त्यावर पटाशी धरून भोवरे, बाहुल्या कातावयाच्या, अशी रीत होती. बाबा पटाशी धरीत, धरता धरता एक चाल गुणगुणत. थोरला वासुदेव दोरी ओढी.

चैत्रात बाबा गेले. वासुदेवाने पटाशी हाती घेतली आणि पहिलाच ठोकळा उभा चिरून वाया गेला. तेव्हापासून तो विशीतला तरुण भिंतीकडे तोंड करून निजून असे. आई पत्रावळी लावून घर चालवी आणि त्याचे ताट अंथरुणापाशी नेऊन ठेवी.

"त्याला काही सांगू नकोस हो, मथू," ती कुजबुजे. "दुखावलेला जीव आहे."

धाकटी मथुरा मग दादाच्या वाटचे पाणीही भरी, सरपणही आणी. दादा मात्र दिवसेंदिवस विझत चालला होता. एके दिवशी त्याने तिच्याकडे पाहिले, ते पोळ्याला विकत घेतलेल्या मातीच्या इवल्या बैलासारखे, नुसत्या उघड्या डोळ्यांनी. मथुरेला भीतीच वाटली.

रानात बुचाचे उंच झाड होते. त्याखाली लांब देठांच्या शुभ्र फुलांचा सडा पडे. तेथे सरपण वेचताना मथुरेला दवाने चिंब झालेली, बोटाएवढी नाजूकशी परी दिसली. तिचे मोरपिशी, सोनेरी पंख पानाला चिकटले होते. मथुरेने थंडीने फुटलेल्या ओंजळीत तिला घेतले आणि ऊबदार श्वासाने ते पंख हळूहळू सुकवले. पंख लखलखले.

"गुणाची गं बाळ!" परीने तिच्या हाती बुचाची दोन फुले ठेवली. "या दोन इच्छा. परंतु नियम ऐक. माणसाच्या मनावर इच्छा चालत नाही. गेलेले माणूस परत येत नाही. फार तर त्याचा स्वर एकदा ऐकू येईल. आणि पुरी झालेली इच्छा मोडावयाची, तर दुसरी खर्ची घालावी लागते."

दुसरे फूल कशासाठी ठेवावयाचे, ते मथुरेने तेथल्या तेथे ठरवले. बाबांचे गुणगुणणे तिला एकदा, एकदाच ऐकावयाचे होते.

पहिले फूल तिने दादासाठी वाहिले. "दादाचे सारे काम होऊन जाऊ दे."

सकाळी पडवी झगमगत होती. तेथे रचून ठेवलेल्या पांगाऱ्याच्या लाकडाच्या साऱ्या ठोकळ्यांचे लाल, हिरवे, केशरी भोवरे झाले होते. आईने हात जोडले. वासुदेव उठून बसला. एक भोवरा त्याने बोटांत फिरवला आणि खाली ठेवला.

"छान झाले," तो म्हणाला. "माझ्यावाचून काही अडत नाही, हे बरे कळले."

तो पुन्हा निजला, आणि त्या दिवशी त्याने ताटाला हातही लावला नाही.

मथुरा रडत बुचाखाली गेली. "परी, मी त्याला मदतच केली ना?"

"तू त्याचे ओझे उचललेस," परी हळुवारपणे म्हणाली, "आणि त्याची जागाही."

मथुरेने उराशी जपलेले दुसरे फूल बाहेर काढले. त्याचा वास घेतला, पुन्हा घेतला. मग डोळे मिटून म्हणाली, "भोवऱ्यांचे पुन्हा ठोकळे होऊ देत." फूल विरघळले.

घरी येऊन ती चरकापाशी बसली.

"दादा, दोरी ओढायला ये. पटाशी मी धरते."

"अगं, त्याला कशाला उठवतेस?" आई कळवळली. "मी ओढते."

"नको, आई. मला दादाच हवा. त्याच्याइतकी एकसारखी दोरी कुणाला ओढता येते?"

मग वासुदेव उठला, भिंत धरून आला आणि त्याने दोरी हाती घेतली. चरक कुरकुरला, फिरला. मथुरेची पटाशी वेडीवाकडी धावली.

"मथे, हा भोवरा की वांगे?"

"वांगेच. देठ तेवढा लावायचा राहिलाय!"

तो हसला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी न बोलावता आला. काही दिवस पुन्हा निजूनही राहिला. तेव्हा मथुरा रिकाम्या चरकापाशी त्याची वाट पाहत बसे. त्याचे काम मात्र तिने पुन्हा कधी उरकले नाही, आणि आईनेही ताट स्वयंपाकघरातच वाढले.

शिशिर आला. एके सकाळी मथुरेच्या हातून पटाशी निसटली, तसा तो एकाएकी म्हणाला, "सरक बघू. दोरी तू ओढ."

त्याने पटाशी उचलली. पटाशी टेकली, पांगाऱ्याची पांढरी, कुरळी सालपटे उडू लागली. ठोकळा चिरला नाही. आणि हळूच, स्वतःच्याही नकळत, वासुदेव गुणगुणू लागला. बाबांचीच चाल होती ती, आणि तिसऱ्या वळणावर बाबा थबकत तसाच तो थबकला.

मथुरेने दोरी सोडली नाही. अश्रू गालांवरून ओघळू दिले आणि ती ओढतच राहिली. खिडकीत मोरपिशी, सोनेरी पंख क्षणभर चमकले, पडवीभर बुचाचा वास दरवळला आणि परी कोवळ्या उन्हाच्या झोतात विरून गेली.

तो दिवस माघ शुद्ध पंचमीचा, वसंतपंचमीचा होता.