दरबारची लोखंडी काडी

विषय : दरबारची लोखंडी काडी परत मिळण्याबाबत.
संदर्भ : टोणपे वकील व हर्डीकर वकील यांचा संयुक्त अर्ज.

वरील विषयास अनुसरून हकिकत अशी. कोथळपूर संस्थानात नवरा-बायकोचं पटेनासं झालं, की दोघांनी पंचांसमोर गवताची काडी धरून मोडायची आणि मोकळं व्हायचं, असा जुना रिवाज होता. राजे उग्रसेनराव गादीवर आले आणि न्यायनिवाडाही स्वतःच करू लागले.

"गवताची काडी? हा काय पोरखेळ आहे!" असं म्हणून त्यांनी हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड लोखंडी काडी घडवून घेतली. काडीमोड हवी असेल त्या जोडप्याने ही मोडावी. नाही मोडली, तर नांदा! आणि दोघांनी मिळून मोडलीच, तर एवढी एकजूट असताना भांडता कशाला? नांदा! सगळ्यांना एकच काडी, एकच नियम. राव असो की रंक!

एकतीस जोडपी हाताला फोड घेऊन घरी गेली. बत्तिसावी आली भिवरा भडभुंजी.

भिवराच्या लाह्या गावभर नावाजलेल्या. पण घरात चार वर्षं नवरा तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. नथूला काही सांगायचं झालं, की तो गोठ्याकडे तोंड करून म्हणे, "म्हशे, तिला सांग, आमटीत मीठ नाही."

"मारतो का?" तिचे वकील टोणपे यांनी विचारलं.

"नाही."

"उपाशी ठेवतो? घराबाहेर काढतो?"

"नाही हो वकीलसाहेब. म्हशीमार्फत बोलतो!"

टोणप्यांनी छापील अर्ज उलटापालटा करून पाहिला. "बाई, यात कारणं तीनच आहेत. म्हशीचा रकाना नाही. मारतो म्हणून लिहू या. सगळे तेच लिहितात."

"मारत नाही तर कसं लिहू? आणखी चार वर्षं अशीच गेली, तर मीच हंबरायला लागेन. तेवढंच लिहा!"

टोणप्यांनी 'मारतो' असं लिहिलं.

नथूचे वकील हर्डीकर यांनी उत्तरात लिहिलं, 'मारत नाही, प्रेमाने नांदवतो.' बाहेर येऊन दोघा वकिलांनी एकाच पानदानातलं पान खाल्लं.

दरबारात महाराजांनी दोन्ही कागद न वाचताच बाजूला सारले. "काडी आणा!"

भिवराने एक टोक धरलं, नथूने दुसरं. काडी जराही वाकली नाही.

"नांदा!" महाराज म्हणाले.

"महाराज, माझं म्हणणं तरी..."

"म्हणणं काडीला सांग! फार तर आठ दिवसांनी पुन्हा अर्ज कर."

दोन्ही वकिलांनी तत्परतेने नवे कागद काढले.

भिवरा घरी आली, तोच राजवाड्यातून निरोप. आक्कासाहेबांचं, म्हणजे महाराजांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न. होमाला लाह्या हव्यात, त्या भिवराच्याच! भिवराने लाह्या भाजायला घेतल्या. निरोपाबरोबर आलेल्या मूठभर अक्षता हातात घेऊन ती थोडा वेळ बघत बसली, आणि मग उठून थेट लोहाराकडे गेली.

आठव्या दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन दरबारात हजर झाली. टोपली धाडकन खाली ठेवली, तशी फरशी दणाणली.

"लाह्या एवढ्या जड?" महाराजांनी विचारलं.

"लाह्या मुदपाकखान्यात दिल्या, महाराज. या आक्कासाहेबांच्या लग्नाच्या अक्षता."

महाराजांनी फडकं उचललं. आत कुंकू लावलेले लोखंडाचे छर्रे!

"हे काय?"

"नियम, महाराज. राव असो की रंक!"

"अगं, वऱ्हाडाची डोकी फुटतील! जावई जाईल जिवानिशी!"

"पण लग्न कसं घट्ट लागेल!"

"वेडी आहेस का? लग्न लागायला चिमूटभर तांदूळ पुरतो!"

"मग सुटायला गवताची काडी का पुरत नाही?"

टोणप्यांनी हर्डीकरांकडे पाहिलं, हर्डीकरांनी छताकडे.

महाराजांच्या मिशीचं एक टोक हललं. पण माणूस हट्टी. ते नथूकडे वळले. "काय रे, तुझं काय म्हणणं आहे?"

एकतिसांपैकी एकालाही महाराजांनी हे विचारलं नव्हतं. नथू गडबडला. त्याने सवयीने आजूबाजूला पाहिलं. मग हात जोडून म्हणाला, "महाराज, तिला सांगा, माझी हरकत नाही."

"ऐकलंत?" भिवरा म्हणाली. "चार वर्षं हे काम आमची म्हैस करत होती!"

भालदाराच्या हातातला दंड निसटला. हर्डीकरांनी डोळे मिटून घेतले. आणि महाराज हसले! असे हसले, की पागोटं मांडीवर आलं. "अरे, म्हशीच्या जागी मला बसवलं हिने! आणा रे, गवताची काडी आणा! आणि त्या एकतीस जोडप्यांना बोलवा. एकेकाचं ऐकतो!"

पागेतून काडी आली. ती मोडायला चिमटीभर जोर लागला.

"माग, काय हवं ते माग!"

"बाजारात भट्टीला जागा द्या. आणि ती लोखंडी काडीही द्या. लोखंड चांगलं आहे."

दोन्ही गोष्टी मिळाल्या. लोहाराने काडी तापवून तिचे दोन तुकडे केले. एकाचा झारा झाला, दुसऱ्याचा चिमटा. भट्टीवर गिऱ्हाइकांची गर्दी असते आणि भिवराशी सगळे तोंडाने बोलतात.

सदर काडी दरबारची मालमत्ता असून तिच्याअभावी कामकाज अकारण लवकर संपते, सबब ती परत मिळावी, असा संयुक्त अर्ज दोन्ही वकिलांनी केला. त्यांचं एकमत झाल्याची दप्तरातली ही पहिलीच नोंद. भिवराचा खुलासा मागवला. तो आला : 'काडी मोडली आहे.'

अर्ज प्रलंबित आहे.