तीन गावांचा विस्तव

एका राज्यात एके दिवशी ऊन तापले होते, वावटळी उठत होत्या, आणि तरी एकाही घरात चूल पेटत नव्हती. गारगोट्या झिजल्या, ठिणगी काही पडेना. झाले होते असे, की राजा वज्रकेतूने विणकरांची आळी राज्याबाहेर हाकलली. तेव्हा वेशीवरच्या मांत्रिकिणीने शाप दिला, "गेलेल्यांची आठवण नाही, त्या राज्यात विस्तव नाही."

सखोबा कुंभाराच्या सुनेचे दिवस भरत आले होते. लेकराला शेकायला निखारा हवा. तोच छपरावर करकोचा उतरला नि बोलला, "भुकेने गाव सोडून गेले, हाकलले गेले, आपखुशीने गेले, त्या तिघांकडचा विस्तव आण. मागून आण, हिसकून नको."

"आणतो बाबा. पण मी हळू चालतो."

"हळूच चाल."

सखोबाने मडक्यात राख भरली आणि निघाला.

दुष्काळात गाव सोडून गेलेल्यांनी नदीकाठी भोपळ्याचे मळे फुलवले होते. त्यांनी निखारा दिला. म्हणाले, "तिकडे पाऊस झाला, की आम्ही येऊच."

विणकरांच्या वस्तीत माळरानही रंगीत दिसत होते. तिथली चांदाई म्हणाली, "आजोबा, तुम्हाला देईन हो. पण ज्याने हाकलले, त्याने यावे."

सखोबा माघारी फिरला, त्याने राजाला सांगितले.

"मी? मागायला?"

"महाराज, मुदपाकखान्यात कच्चेच तांदूळ चावताय ना?"

राजा अनवाणी गेला. मान खाली घालून म्हणाला, "चुकलो, माय." चांदाईने निखारा दिला.

मग दोघे बंदरावर गेले. तिथे सुतार आपल्या मर्जीने जाऊन जहाजे बांधत होते. "आम्ही काही परतणार नाही!" ते आधीच ओरडले. राजा हुकूम सोडणार, तोच सखोबाने त्याच्या पायावर पाय दिला.

"नका येऊ. सुखी राहा. तेवढा विस्तव द्या."

थोरल्या सुताराचे डोळे भरले. "गावचे माणूस आले, की ओढून न्यायलाच येते. मागायला तुम्हीच पहिले." त्याने निखारा दिला.

वेशीत तीन निखारे एकत्र आले आणि राज्यातल्या साऱ्या चुली एकदम भडकल्या. शाप सुटला. त्याच दुपारी सखोबाला नात झाली, तिला उबदार शेक मिळाला. राजाने वेशीचे दरवाजे काढून टाकले. ज्यांना यायचे ते वाजतगाजत आले, ज्यांना राहायचे ते राहिले.

चांदाईने सखोबाच्या शेजारीच माग मांडला. पहिल्याच सकाळी कुंपणावरून म्हणाली, "आजोबा, आता विस्तव लागला, तर एवढे लांब जाऊ नका. मला हाक मारा."