नुसतं पाखरू

संगणकावर कापडी अभ्रा घालून ठेवायचे, त्या काळची ही गोष्ट. केंजळेबाई तळ्यावरच्या पाखरांचा प्रोग्रॅम लिहीत होत्या. त्यांची पद्धत अशी, की आधी कागदावर साचे आखायचे आणि मग त्यांतून पाखरं घडवायची. सगळ्यांत वरच्या चौकटीत त्यांनी लिहिलं, 'पाखरू'. त्याखाली खंड्या, बगळा, टिटवी. चोच, पंख आणि उडणं सगळ्यांना वरून वारशात मिळालं. कसं उडायचं, ते मात्र ज्याचं त्याने ठरवायचं.

एकेक जण पडद्यावरच्या तळ्यात उतरला. पाखरू मात्र कागदावरच्या वरच्या चौकटीतच राहिलं.

"बाई, मलाही एकदा पाण्यावरून उडू द्या ना."

"कुठल्या रंगाचं उडशील? ओरडशील कसं?" बाई म्हणाल्या. "अरे, नुसतं पाखरू कुणी पाहिलंय का?"

मग ते खंड्यालाच विचारायचं, "पाणी गार असतं का रे?"

"माझे पंख तुझेच, आणि मला विचारतोस?" म्हणत खंड्या सूर मारायचा.

प्रोग्रॅम पुरा झाला, तेव्हा बाईंनी अडीच वर्षांच्या लेकीला, शर्वरीला, मांडीवर घेतलं. पडद्यावर खंड्या झेपावला.

"पाखरू!" शर्वरी ओरडली.

बगळा उडाला. "पाखरू!" टिटवी उडाली. "आई, पाखरू!"

"अगं, ती टिटवी..." बाई सांगायला गेल्या. तेवढ्यात त्यांची नजर कागदावरच्या वरच्या चौकटीकडे गेली, आणि त्या हसून म्हणाल्या, "हो गं, पाखरूच."