सदूच्या मापाचा फुटपाथ

चांदणपूरच्या पेठेत लाल-पिवळ्या बांगड्यांची दुकानं होती, लखलखत्या पितळी भांड्यांची होती, गुलाबी बत्ताशांचीही होती. नव्हती फक्त चालायला जागा. फुटपाथ म्हणावा तर गुडघ्याएवढा उंच, आणि चढावं तर फरश्या दुधाच्या दातांसारख्या हलायच्या.

याच पेठेतून रुमा आपल्या धाकट्या भावाला, सदूला, रोज पाठीवर घेऊन शाळेत जायची. सदू कुबडी घेऊन चालायचा, आणि कुबडीला तो फुटपाथ चढता येत नसे. आईबाबा पहाटेच मजुरीला जात. सदू दिवसेंदिवस जड होत होता, रुमाची पाठ मात्र होती तेवढीच होती. एक दिवस ही पाठ थकेल आणि सदूची शाळा सुटेल, अशी तिला फार भीती वाटायची.

"ताई, हा फुटपाथ कुणाच्या पायांचं माप घेऊन बांधला गं?" सदू विचारायचा.

"उंटाच्या असेल," रुमा म्हणायची, आणि दोघं हसायची.

एका सकाळी बागेच्या फाटकापाशी, फुटक्या फरशीच्या फटीत काहीतरी लुकलुकलं. बोटाएवढी इवलीशी परी होती ती. जांभळा झगा, चंदेरी पंख, आणि त्यातला एक फटीत अडकलेला. शाळेला उशीर होत होता, तरी रुमानं सदूला खाली बसवलं आणि नखानं माती उकरून पंख अलगद सोडवला.

"गुणाची गं पोर," परी म्हणाली. "दोन वर दिले तुला. पण स्वतःसाठी मागायचं नाही. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं."

रुमाला कुठला धीर. "सदूसाठी राजवाड्यासारखा गुळगुळीत फुटपाथ दे," ती म्हणून बसली.

लख्ख प्रकाश सांडला आणि पेठभर मोरपंखी, चकचकीत फरश्या पसरल्या. सदूनं कुबडी टेकली मात्र, तो सर्रकन घसरून आपटला. त्याचं कोपर खरचटलं. रुमाला रडूच आलं.

"त्याला विचारलं होतंस?" परीनं हळूच विचारलं.

रुमा सदूशेजारी जमिनीवर बसली. "तुला कसा हवा रे?"

सदूला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. तो विचार करत म्हणाला, "थोडा खडबडीत. चढायला पायरी नको, उतार हवा. वर झाडांची सावली. आणि मधे एक बाकडं. मला नको, ताई दमते ना, तिला."

रुमानं सगळं तसंच्या तसं मागितलं. बाकडं तेवढं गाळलं.

"बाकडं राहिलं की," परी म्हणाली.

"ते माझ्यासाठी आहे. स्वतःसाठी मागायचं नाही ना?"

"तू कुठं मागितलंस? सदूनं मागितलं," परी हसली, आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.

उजेड ओसरला तेव्हा पेठेत मातकट फरश्यांचा सोपा उतार होता, कडुलिंबाची पोपटी पालवी होती आणि खाली निळंनिळं बाकडं. रुमा त्यावर जरा टेकली. तोच लांबून हाक आली, "ताई, चल ना, उशीर होतोय."

सदू केव्हाच पुढे गेला होता. आज पहिल्यांदाच रुमाला त्याला गाठायला धावावं लागलं.