रंगपंचमीचा चोर

पोपट माणसांपेक्षा कमी बोलत असत, त्या काळची गोष्ट. हौसाबाईच्या ओसरीवर एक पोपट आणि खंड्या नावाचा कुत्रा राहत. पोपट दिवसभर खंड्याला डिवचायचा. "निळा-पिवळा सोडला तर तुला रंगच कळत नाहीत. माझी लाल चोच अन् हिरवे पंख, तुला सगळं मातकटच! तू कसली राखण करणार?" खंड्या पिसवांमुळे अंग खाजवत बसायचा.

रंगपंचमीला हौसाबाईचा नवरा रावजी दोस्तांच्या तावडीत सापडला. लाल-हिरव्या रंगाने नखशिखांत माखून आणि बोंबलून घसा बसवून तो घरी परतला. त्याला पाहताच पोपट किंचाळला, "चोर! चोर!" हौसाबाई लाटणं उगारून धावली. रावजीच्या तोंडून आवाज फुटेना. तेवढ्यात खंड्या मध्ये घुसला आणि शेपूट हलवत त्याचे पाय चाटू लागला. हौसाबाईने निरखून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

पोपट ओशाळून म्हणाला, "एवढ्या रंगातून तू मालकाला ओळखलंस कसं?"

"कसला रंग?" खंड्या म्हणाला. "वास तर त्यांचाच होता. मला वाटलं, मालक रोजच्यासारखे शेतातून मातीत माखून आलेत."