नकाशावरची लाल रेघ

एकदा एका जाणत्या शेतकऱ्याच्या मनात आले की, नऊशे एकरांचा कारभार आता शिष्येच्या हाती सोपवावा. त्याला सगळे अण्णा म्हणत. शिष्येचे नाव प्रणोती. कृषी महाविद्यालयातून बाहेर पडल्यापासून चार वर्षे ती अण्णांच्या हाताखाली शिकत होती, आणि यंदाची हरभऱ्याची पेरणी ही तिची परीक्षा होती. ती नीट पार पडली तर कारभार तिचा, नाहीतर अण्णा बाहेरून कोणी अनुभवी माणूस आणणार होते. प्रणोतीच्या तोंडचे पाणी पळाले होते.

शेती तरी कशी! ट्रॅक्टर उपग्रहाच्या इशाऱ्यावर सुतात सरळ चाले. पेरणीयंत्र नकाशा पाहून कुठे बी दाट टाकी, कुठे विरळ. काढणीच्या वेळी हार्वेस्टर उताऱ्याचा नकाशा आपणच काढी. पीक भरघोस तिथे हिरवा रंग, कमी तिथे लाल. या नकाशांवर प्रणोतीचा भारी जीव. त्यांच्यापुढे बसली की तिला जेवणाची शुद्ध नसे.

उत्तरेच्या शंभर एकरांत मात्र एक बारीक लाल रेघ तीन वर्षे तिला छळत होती. ओढ्यापासून अवजारांच्या शेडपर्यंत तिरकी गेलेली. पहिल्या वर्षी तिने तिथे खत दुप्पट केले. दुसऱ्या वर्षी बी वाढवले. तिसऱ्या वर्षी जमीन घट्ट झाली म्हणून खोल नांगर घातला. रेघ ढिम्म हलली नाही. शेवटी तिने निदान केले की ही रानडुकरांचीच करणी. ओढ्याच्या कडेने विजेच्या झटक्याचे कुंपण घालायचे ठरले आणि त्याचे खांबही येऊन पडले.

पेरणीच्या दिवशी अण्णा स्वतः ट्रॅक्टरवर चढले. प्रणोती कार्यालयात पडद्यासमोर बसली होती. पाहते तो काय, ट्रॅक्टर त्या रेघेपाशी आला की अण्णा पेरणीयंत्र उचलून घेत आणि दोन हात पुढे गेल्यावर पुन्हा टेकवत. एका फेरीत नव्हे, प्रत्येक फेरीत! पडद्यावर शेताच्या मधोमध पांढरी पट्टी उमटत गेली. प्रणोतीला रडूच कोसळायचे बाकी राहिले. ती जीप घेऊन तडक शेतात गेली.

"अण्णा, माझी परीक्षा आणि तुम्हीच शेत कोरं सोडताय? मी काय वाईट केलंय तुमचं?"

अण्णा हसले नाहीत. "उद्या सकाळी साडेसातला ओढ्याच्या बांधावर ये," ते म्हणाले. "आणि गाडी आणू नकोस. पायी ये."

सकाळी दोघे बांधावर बसले. थोड्या वेळाने ओढ्यापलीकडच्या वस्तीतून बायका आल्या. डोक्यावर डबे, हातात खुरपी, एकीमागे एक. या त्यांच्याच शेतावर रोज कामाला येणाऱ्या बायका. पुढे सरूबाई होती. कोरी पट्टी पाहून ती थबकली.

"अण्णा, इथं पेरायचं राह्यलं का काय?"

"राहिलं नाही, सोडलंय. तुमची वाट आहे ना ती?"

सरूबाईने कपाळाचा घाम पुसला. "लई बरं केलं. उगवल्याली रोपं तुडवायला जिवावर येतं बघा. पर सडकंनं फिरून आलं तर आठाच्या आत मशिनीला अंगठा लागत न्हाई. मंग अर्धाच दिवस धरत्यात."

हजेरीचे ते यंत्र तीन वर्षांपूर्वी प्रणोतीनेच शेडवर बसवले होते. आठचा नियमही तिचाच. तिने मान खाली घातली. रानडुकरे समजून ज्यांना झटका द्यायला खांब मागवले, त्या बायका समोरून तिला नमस्कार करून पुढे जात होत्या.

अण्णांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "पोरी, लाजू नकोस. पहिल्या वर्षी खत टाक म्हणून मीच मान डोलावली होती. तीन वर्षं आपण दोघांनी मिळून पायवाटेला खत घातलं! मलाही यंदाच्या काढणीत तिथे बांगड्यांच्या काचा दिसल्या तेव्हा उमगलं. यंत्रानं खोटं सांगितलं नाही. कुठे उणं आहे, ते त्यानं चोख दाखवलं. का उणं आहे, हे मात्र त्या जमिनीवर ज्यांचे पाय पडतात त्यांना विचारावं लागतं. ते आपण विचारलं नाही."

प्रणोती उठली आणि पट्टीवरून धावत जाऊन तिने सरूबाईला गाठले.

"मावशी, उद्यापासून यंत्र वस्तीवरच आणून लावते. आणि एक सांगा, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तुम्ही कशा येता?"

"कंबरंएवढं असलं तर एकमेकीचा हात धरून येतो," सरूबाई म्हणाली. "त्याच्यावर गेलं तर खाडा. आजवर कोनी इचारलं नव्हतं, बाई."

मागून सावकाश चालत आलेल्या अण्णांनी हे ऐकले. त्यांनी कमरेला खोचलेल्या शेडच्या किल्ल्या काढून प्रणोतीच्या हातात दिल्या. ती गोंधळून म्हणाली, "अण्णा, अजून बी उगवलंसुद्धा नाही!"

"मला हरभरा कुठे बघायचा होता?" अण्णा म्हणाले आणि बायकांच्या मागोमाग वाटेला लागले.