मर्जानीचा ढोल आणि सिंहासनाखालचं पाणी

एकदा काय झालं, समुद्रातल्या एका किल्ल्यावरची गोड्या पाण्याची विहीर अचानक खारट झाली. इतकी खारट, की भातात मीठ घालायला नको! राजाने दवंडी पिटवली, "जो गोडं पाणी काढून देईल, त्याला मागेल ते मिळेल."

मग आले ज्योतिषीबुवा. त्यांनी पंचांग पाहून बोट दाखवलं. लोकांनी खणलं, तर कातळ लागला. मग आला पाणाड्या. त्याने तळहातावर नारळ ठेवला आणि नारळ टुणकन उभा राहिला! खणलं, तर तेच खारं पाणी. घ्या आता!

त्या किल्ल्यावर मर्जानी नावाची एक हबशी बाई होती. आफ्रिकेतून गलबतात कोंबून आणलेली. राजाच्या मुदपाकखान्यात राबायची. तिला बटीक म्हणायचे, म्हणजे विकत घेतलेली बाई. माणूस काय विकत घ्यायची वस्तू आहे? पण घ्यायचे मेले! आता तिच्या धाकट्या बहिणीला, हलीमाला, एका व्यापाऱ्याला विकलं होतं. त्याचं गलबत बंदरात उभं होतं. संध्याकाळची भरती आली की ते सुटणार आणि हलीमा पुन्हा दिसणार नाही. मर्जानीला सोनं नको होतं, नाणं नको होतं. तिला बहीण हवी होती.

ती पदर खोचून दरबारात उभी राहिली. म्हणाली, "महाराज, पाणी मी काढते."

दरबार खो खो हसला. हसू दे. तिला कुठे पर्वा होती!

मर्जानीचा बाप तिकडे गावी ढोल मढवायचा. पाणी शोधायचं, तर तो जमिनीवर ढोल ठेवायचा आणि कातड्यावर वरीचे दाणे टाकायचा. खाली झरा असला की दाणे थुईथुई नाचायचे. तिने तसंच केलं. बुरुजापाशी ढोल ठेवला, दाणे नाचले. कोठारापाशी ठेवला, नाचले. सदरेवर ठेवला, तिथेही नाचले! लोक म्हणाले, "हिचे दाणे वेडे आहेत."

मर्जानीने क्षणभर विचार केला. तिचं गाव होतं डोंगरात. इथे तर चहूकडून लाटा धडका देत होत्या, त्यांनीच दाणे उडत होते. "चुकले मी," ती म्हणाली, "पूर्ण ओहोटी होऊ दे."

मग ओहोटी झाली. समुद्र लांब गेला. बुरुजापाशी दाणे गप्प. कोठारापाशी गप्प. पण सदरेवर, सिंहासनाच्या पायाशी, दाणे असे नाचले, असे नाचले, की काही विचारू नका!

"महाराज, उठा," मर्जानी म्हणाली, "पाणी तुमच्या खाली आहे."

राजाला कुणी ऊठ म्हणतं का? प्रधान ओरडला, "जीभ छाटा हिची!"

मर्जानी जागची हलली नाही. "छाटा की. पाणी तिथेच राहील आणि तुमची तहानही."

राजाने आवंढा गिळला. घसा कोरडा पडला होता ना! मग तो मुकाट उठला, बरं का.

सिंहासन बाजूला केलं. एक हात खणलं, कोरडा मुरूम. दोन हात खणलं, ओला मुरूम. तिसऱ्या हाताला बुडबुड करत झरा वर आला, गोड शहाळ्यासारखा.

तोवर भरती भरत आली होती. बंदरात शीड चढलं होतं. "माग," राजा म्हणाला.

"हलीमाला सोडा. आणि त्या गलबतात जेवढी माणसं कोंडली आहेत, तेवढी सगळी. आणि आजपासून मीही कुणाची बटीक नाही."

"एवढं?" प्रधान किंचाळला.

"मागेल ते, असं महाराज म्हणाले होते."

राजा शब्दाला जागला. त्याने तोफ उडवली, गलबत थांबलं. हलीमा धावत आली आणि मर्जानीच्या गळ्यात पडली. दोघी इतक्या रडल्या, इतक्या हसल्या! मग त्या आणि गलबतातली सगळी माणसं किनाऱ्यावर घरं बांधून सुखाने राहिली. राजाला मात्र चिंचेखाली पाट मांडून दरबार भरवावा लागला, कारण सदरेवर आता बायका घागरी भरत होत्या.

आणि बखर लिहिणाऱ्याने काय लिहिलं ठाऊक आहे? 'महाराजांनी विहीर खणली.' खणली म्हणे! कुदळ तरी धरली होती का हातात? म्हणून बाळांनो, झोपण्याआधी तिचं नाव घ्यायचं. काय नाव? मोठ्याने सांगा. हं, मर्जानी. आता मिटा डोळे.